सहाशे ठसे आणि एक फुगा

कॉमिक्सच्या फुग्यात, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायच्या गोलात, देवनागरी बसवताना जी अडचण येते, तिची एक फार जुनी लेखी नोंद गोव्यातली आहे. साष्टीत काम करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापून निघावीत, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. पण ठसे सहाशेच्या घरात लागणार होते, कारण इथलं एकेक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार. त्यांच्या रोमी लिपीचं काम चोवीस ठशांत भागत होतं.

छापखाना गोव्यात होताच. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. पुढे १५७७ च्या सुमारास इथेच तमिळ अक्षरांचे ठसेही पाडले गेले. देवनागरीचा योग मात्र आला नाही. त्यामुळे स्टीफन्स यांचं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमी लिपीत. मराठीचा इतका गौरव करणारा ग्रंथ मराठी अक्षरांवाचून निघाला, याची हळहळ मला आजही वाटते. त्या काळच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हाताने लिहिलेली एक देवनागरी प्रत मात्र लंडनमध्ये टिकून आहे.

मराठीत छपाई रुळली तीसुद्धा हाताच्या आधाराने. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसला ठसे लागत नाहीत. लेखनिक लिहील तसं दगडावर उतरतं. खिळ्यांचे, म्हणजे धातूच्या सुट्या ठशांचे, छापखाने पुढे स्थिरावले, आणि हस्ताक्षर पुस्तकांच्या आतल्या पानांवरून हटलं. ते उरलं मुखपृष्ठांवर, नाटकांच्या जाहिरातींत, दुकानांच्या पाट्यांवर. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली की नाटकाचा स्वभाव अक्षरांतूनच कळावा. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर मराठी वाचकाचा डोळा घडला.

कॉमिक्सचा फुगा आला अमेरिकेतून. रिचर्ड आउटकॉल्ट यांचा ‘यलो किड’ आधी अंगातल्या पिवळ्या झग्यावर लिहिलेल्या मजकुरातून बोलायचा. २५ ऑक्टोबर १८९६ च्या चित्रमालिकेत त्याच्या बोलण्याला फुगा मिळाला. पुढे फुग्यात सगळी मोठी रोमी अक्षरं लिहायची रीत पडली, कारण ती एका उंचीची असतात. वर टोक नाही, खाली शेपूट नाही, ओळी एकमेकींना खेटून बसतात. फुग्याचं माप त्या अक्षरांवर ठरलं.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाल्या आणि त्यांतला नायक ‘फँटम’, म्हणजे आपला वेताळ, मराठी बोलू लागला. चित्रं परदेशातून आलेली, फुगे आधीच काढलेले. अशा अनुवादात मूळ मजकूर पांढऱ्या रंगाने झाकायचा किंवा मराठी मजकुराची पट्टी वर चिकटवायची. जागा तेवढीच, आणि लिपी तीन मजली.

‘मूर्खा, ते पिस्तूल खाली टाक!’ एवढंच वाक्य घ्या. तीन ओळींत तोडलं की ‘मू’चा उकार खाली लोंबतो. नेमकी तिथेच दुसऱ्या ओळीतल्या ‘ते’ची मात्रा आणि ‘पि’ची वेलांटी वर डोकावते. ‘स्तू’चा उकार तिसऱ्या ओळीतल्या ‘ली’च्या वेलांटीवर आदळतो. ओळींत अंतर सोडावं तर वाक्य फुग्यात मावत नाही, अक्षर बारीक करावं तर वेताळाचा आवाज बसतो. कसलेला अक्षरलेखक ‘मू’चा उकार आडवा पसरतो, ‘पि’ची वेलांटी दाबून शिरोरेघेजवळ आणतो, रफार कान्यावर नेऊन ठेवतो. ‘लठ्ठ’मधल्या ‘ठ्ठ’सारखं जोडाक्षर रुंदी कमी असेल तर एकाखाली एक रचतो, उंची कमी असेल तर शेजारी शेजारी. वाचणाऱ्याला यातलं काहीही जाणवत नाही. या कारागिरीला मी चित्रकाराच्या बरोबरीचा मान देतो, आणि मुखपृष्ठावर अक्षरलेखकाचं नाव नसलं की मला ते खटकतं.

आवाजाचे शब्द तर चित्रच असतात. ‘धाडकन’ लिहिताना शिरोरेघ मध्येच तडकवता येते, ‘खळ्ळकन’मध्ये तिचे तुकडे उडवता येतात. रोमी लिपीत ही रेघच नाही. देवनागरीच्या हातातलं हे खास हत्यार आहे, आणि आपल्याकडे ते फार कमी वापरलं गेलंय असं माझं मत आहे.

गोव्यात अक्षर आणि चित्र एकाच हातातून कसं येतं ते बघायचं तर लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांकडे (१९२६–२०११) जावं लागतं. तरुणपणी ते रोजनिशीच चित्रांतून लिहायचे. तिथे मजकूर चित्राला वळसा घालून जातो. त्यांच्या चित्रांतल्या गोव्यातल्या दुकानांच्या आणि तावेर्नांच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्यांच्या, पाट्यांची अक्षरंही माणसांच्या नाकडोळ्यांइतकीच त्यांची वाटतात. ती रोमी आहेत, पण शिकण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ आहे.

मुळातच मराठीत जन्मलेल्या मालिकेचं गणित वेगळं. पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये १९९१ ला ‘चिंटू’ सुरू झाला. तिथे संवाद मराठी, त्यामुळे फुगाही मराठी वाक्याच्या मापाने काढता येतो.

त्याच सुमारास अमेरिकेत फुग्यातली अक्षरं संगणकावर गेली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या कॉमिक्राफ्ट या कंपनीने हस्ताक्षरांचे फाँट करून विकायला सुरुवात केली. मराठीत र. कृ. जोशींचा ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि स्टीफन्स यांना अडलेली सहाशे ठशांची अडचण त्या अर्थाने सुटली. पण ‘मंगल’ पडद्यावर वाचण्यासाठी घडवलेला, फुग्यासाठी नव्हे. वरखाली मात्रा मावाव्यात म्हणून तो ओळींत भरपूर अंतर सोडतो, त्यामुळे फुगा अर्धा रिकामा दिसतो आणि अक्षर बारीक राहतं. पुढे हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’, गुबगुबीत ‘बलू’ आणि ‘मोदक’ असे फाँट आले. संवादांना ‘कलम’ बरा दिसतो. तरी ‘मू’खालचा उकार खालच्या ओळीत काय आहे ते बघून हलत नाही. म्हणून काही चित्रकार संवाद फाँटमध्ये घेतात आणि ‘धाडकन’ तेवढं हाताने काढतात. एकाच पानावर दोन वेगळ्या जातींची रेघ दिसते, आणि सरावलेल्या डोळ्याला तो सांधा लगेच कळतो.