कार अँप्लिफायर : कमी खर्चातील निवड

अँप्लिफायर (अँप) म्हणजे स्टिरिओकडून येणारा क्षीण संकेत स्पीकर हलवण्याइतका जोरकस करणारे उपकरण. लहानसा अँप्लिफायर प्रत्येक स्टिरिओत असतोच. पण त्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेले असले, तरी गाडीच्या १४.४ व्होल्टवर थेट चालणाऱ्या सर्किटमधून ४ ओहमच्या स्पीकरला गणितानेसुद्धा सुमारे २६ वॅटच स्वच्छ मिळू शकतात. प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. आवाज चढवला की गाणे फाटते ते यामुळे.

स्वस्त मालात सर्वाधिक फसवणूक वॅटच्या आकड्यात होते. ‘मॅक्स’ वा ‘पीक’ आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा पाहावा. तो सीईए-२००६ मानकानुसार, म्हणजे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृती (आवाजातला बिघाड) या अटींवर मोजलेला असल्यास उत्तम. तसे काही लिहिले नसेल, तर अँपवरचे फ्यूज बघावेत. खोक्यावर ३००० वॅट आणि अंगावर २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर आत येणारी शक्तीच ५० × १४.४ = ७२० वॅट. अँपच्या सर्किटचे दोन प्रकार नेहमी दिसतात: क्लास एबी प्रकारात तिच्यापैकी जेमतेम निम्मी स्पीकरपर्यंत पोहोचते, क्लास डीमध्ये सुमारे ८० टक्के. बाकीची उष्णता होते. म्हणून सीटखालच्या अडचणीच्या जागेत क्लास डी बरा.

छोट्या हॅचबॅकला प्रत्येकी ५० ते ७५ वॅट आरएमएसच्या चार चॅनेलचा (स्पीकरसाठीच्या स्वतंत्र वाटांचा) एकच अँप पुरतो. दोन चॅनेल पुढच्या दारांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून १० इंची सबवूफरला (खर्जाच्या स्पीकरला), आणि मागचे स्पीकर स्टिरिओवरच ठेवावेत. ब्रिज जोडणीत बहुतेक अँपना किमान ४ ओहमचा भार लागतो. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो आणि अँप तापून प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आउट (अँपसाठी क्षीण संकेत देणारे सॉकेट) नसेल, तर हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरींमधूनच संकेत घेण्याची सोय असलेलाच अँप घ्यावा.

वाचवलेले पैसे वायरिंगला लावावेत. ३०० वॅट आरएमएसच्या क्लास डी अँपला १० चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर योग्य. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. तार चाकूने खरवडल्यावर आत पांढरी दिसली की ओळखावे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. तो वायरसाठी असतो: इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात वायर घासून सोलली गेली, तर आग तोच टाळतो. त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेचे संरक्षक कडे) बसवावाच. अर्थची (अँपपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी) वायर तितकीच जाड, अर्ध्या मीटरहून आखूड आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळलेली असावी.

अँपवरचे गेनचे बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; स्टिरिओच्या संकेताशी अँप जुळवण्यासाठी ते असते. गेन कमीत कमी ठेवून, इक्वलायझर सपाट करून आणि स्पीकर सोडवून स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर न्यावा. १००० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर जोडायच्या टोकांना लावावा. ७५ वॅट व ४ ओहमसाठी ७५ × ४ चे वर्गमूळ, म्हणजे १७.३ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवावा. त्यापुढे संकेताचे माथे कापले जातात आणि सहसा ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) आधी जळतो. नंतर दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर), सबवूफरला तेवढ्याचाच लोपास (त्यावरचे स्वर अडवणारा) लावावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर आधी अर्थची जोडणी तपासावी. ती ठीक असेल, तर स्टिरिओकडून संकेत आणणारी आरसीए केबल पॉवर वायरला लागून ओढलेली असण्याचा संभव मोठा. आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.