शरीरातून डेटा: 21 मेगाहर्ट्झचा निर्णय आणि परतीची वाट

यवतमाळ-वर्ध्याकडे रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणारा शेतकरी स्टार्टरच्या पेटीत टेस्टर लावून फेज तपासतो. पायात रबरी चप्पल असली तरी टेस्टर पेटतो, कारण शरीर आणि जमीन यांच्यात विद्युत क्षेत्र तयार होऊन करंटला परतीची वाट मिळते. शरीरातून डेटा पाठवण्याचं तंत्र, म्हणजे तारेऐवजी माणसाच्या अंगातूनच एका उपकरणाचा सिग्नल दुसऱ्याकडे नेणं, याच वाटेवर उभं आहे.

1996 मध्ये अमेरिकेत दोघांनी हात मिळवताच एकाचं बिझनेस कार्ड दुसऱ्याच्या उपकरणात गेलं. वेग सेकंदाला 2400 बिट, करंट एका अँपिअरच्या अब्जांशाहूनही कमी. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेनं आपल्याकडे माणसं दगावली आहेत, म्हणून हा आकडा आधी सांगायलाच हवा. 2005 च्या सुमारास जपानमध्ये वेग 10 मेगाबिटपर्यंत गेला.

वाद आहे तो 2012 च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. त्यात शरीरमार्गासाठी 21 मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन कोटी दहा लाख कंपनांच्या वारंवारितेचा पट्टा ठरला. कमी वारंवारितेत सिग्नल फार घटतो आणि बाहेरचा गोंगाटही जास्त, असं तेव्हा मानलं जात होतं. गोंगाट खराच होता. घट मात्र बरीचशी मोजणीतली होती. मोजणीच्या यंत्रांचा 50 ओहमचा रोध कमी वारंवारितेचा सिग्नल खाऊन टाकत होता आणि खापर शरीरावर फुटत होतं. त्यातच प्लगला जोडलेल्या यंत्रांना अर्थिंगमधून परतीची वाट आयती मिळायची. मनगटावरच्या बॅटरीच्या घड्याळाला ती कुठून मिळणार? अशा मोजणीवर मानक बेतायला नको होतं, हे माझं ठाम मत आहे.

याची किंमत गुप्ततेत मोजावी लागते. वारंवारिता वाढते तसं शरीर अँटेनासारखं वागू लागतं आणि सिग्नल बाहेर सांडतो. 2019 च्या प्रयोगांत एक मेगाहर्ट्झखालचा सिग्नल अंगापासून वीतभर अंतरापलीकडे पकडता आला नाही, तर रेडिओ लहरींवर चालणारं उपकरण पाच मीटरपलीकडूनही ऐकू येत होतं. पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप लावलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

कमी वारंवारितेलाही अडचण आहेच. दवात भिजलेल्या काळ्या मातीत अनवाणी कापूस वेचणाऱ्या बाईचं शरीर जमिनीशी घट्ट जोडलेलं असतं, त्यामुळे अंगावरचा सिग्नल क्षीण होतो. ही उपकरणं फरशीवर बूट घालून तपासली, तशी वेचणीच्या वावरातही तपासायला हवीत.