ब्रुकलिन डॉजर्सचा १९४७ चा हंगाम

अमेरिकेच्या नॅशनल लीगमधील ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा १९४७ चा हंगाम. डॉजर्सनी या हंगामात ९४ सामने जिंकले, ६० हरले आणि लीगचे विजेतेपद मिळवले. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, मात्र न्यूयॉर्क यांकीजने त्यांना चार विरुद्ध तीन असे हरवले. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे या दोन लीगच्या सर्वोच्च पातळीवर, साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेली अलिखित वर्णबंदी मोडली. त्या दिवसाची आठवण दरवर्षी निघते, पुढच्या साडेपाच महिन्यांची फारशी निघत नाही. खरी कसोटी तिथे लागली, म्हणून या नोंदीत भर त्या महिन्यांवर आहे.

बेसबॉलच्या हंगामाची रचना आधी समजून घ्यायला हवी. त्या काळी नॅशनल लीगमध्ये आठ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी प्रत्येकी २२ सामने खेळे, ११ घरच्या मैदानावर आणि ११ त्यांच्या गावी. असे १५४ सामने एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज चालत. ज्या गावात आज शिव्या ऐकल्या त्याच गावात महिन्याभराने पुन्हा जायचे, पुन्हा त्याच हॉटेलाचा प्रश्न, पुन्हा तेच प्रेक्षक. एखाद्या दिवशी धैर्य दाखवून हे निभावणारे नव्हते.

पार्श्वभूमी

ब्रुकलिन न्यूयॉर्क शहराचाच भाग, पण तिथल्या माणसांचा ताठा वेगळा. संघाचे नावही तिथल्या रस्त्यांवरून पडले: विजेवर धावणाऱ्या ट्रॉलीगाड्या चुकवत चालणारे लोक ते ‘ट्रॉली डॉजर्स’. चाहते आपल्या संघाला लाडाने ‘बम्स’, म्हणजे भणंग म्हणत. १९१३ मध्ये बांधलेले एबेट्स फील्ड हे मैदान जेमतेम ३२ हजार माणसांचे आणि आटोपशीर. खेळाडूंचे बोलणे ऐकू येईल इतके जवळचे. तिथे हिल्डा चेस्टर नावाची बाई हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन बसे आणि ती वाजवून सगळे मैदान जागे ठेवी.

१९४६ च्या हंगामाअखेर डॉजर्स आणि सेंट लुइस कार्डिनल्स गुणतक्त्यात बरोबरीत राहिले होते. निर्णयासाठी खेळवलेल्या जादा सामन्यांत डॉजर्स हरले. त्यामुळे १९४७ ची सुरुवात होताना संघाला एकच ध्यास होता, तो विजेतेपदाचा.

संघाचे अध्यक्ष ब्रांच रिकी हे कट्टर मेथडिस्ट ख्रिस्ती होते. आईला दिलेल्या शब्दाखातर ते रविवारी मैदानात पाऊल टाकत नसत. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनमधल्या माँटेग्यू स्ट्रीटवरील आपल्या कार्यालयात त्यांनी रॉबिन्सनला बोलावले आणि पुढे जे वाट्याला येणार होते ते स्वतः नाट्य करून दाखवले. कधी खोली नाकारणारा हॉटेलवाला, कधी अंगावर येणारा प्रतिस्पर्धी अशा भूमिका घेऊन त्यांनी त्याला तोंडावर अपमानास्पद शब्द ऐकवले आणि उलट हात न उचलण्याचे वचन घेतले. रॉबिन्सन मुळात गप्प बसणारा माणूस नव्हता. सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिल्याबद्दल १९४४ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला होता आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता. अशा माणसाकडून मौनाचे वचन घेणे म्हणजे काय, हे या हंगामाची कोणतीही आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवावे.

रिकींच्या हेतूत श्रद्धा होती तसा व्यवहारही होता. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये उत्तम खेळाडू भरपूर होते आणि ते अजून कुणी घेतलेले नव्हते. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात होता, त्या संघाला रिकींनी एक पैसाही मोबदला दिला नाही. या अन्यायाची नोंद व्हायलाच हवी. वर्णबंदी मोडण्याची किंमत निग्रो लीगच्या संघांनी मोजली आणि पुढच्या काही वर्षांत ती लीग खचत गेली.

१९४६ मध्ये रॉबिन्सन माँट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्या दुय्यम संघाकडून खेळला आणि ०.३४९ सरासरीने, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत ३४९ यशस्वी फटके या दराने, त्या लीगचा अव्वल फलंदाज ठरला. त्याला आता थांबवायला खेळाचे कारण उरले नव्हते.

संघातले बंड

१९४७ चे सराव शिबिर मुद्दाम अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत न घेता क्यूबातल्या हवानाला घेतले गेले. तरी संघातल्या काही दक्षिणी खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज फिरवायला सुरुवात केली. प्रशिक्षक लिओ ड्युरोशर यांना पनामाच्या दौऱ्यात हे कळले. त्यांनी खेळाडूंना रात्री अंथरुणातून उठवले आणि खडसावले: हा माणूस आपल्याला सामने जिंकून देणार, सगळ्यांच्या खिशात पैसे घालणार, ज्याला नको असेल त्याने संघ सोडावा. केंटकीचा शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक) पी वी रीझ याने अर्जावर सही करायला नकार दिला आणि अर्ज बारगळला. लोकप्रिय फलंदाज डिक्सी वॉकर याने मात्र आपल्याला दुसऱ्या संघात पाठवा, असे पत्र रिकींना लिहिले. वॉकर वर्षभर डॉजर्सकडूनच खेळला, उत्तम खेळला आणि हंगाम संपल्यावर पिट्सबर्गला गेला. उतारवयात त्याने या वागण्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

हंगामाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा, ९ एप्रिलला, बेसबॉलचे आयुक्त हॅपी चँडलर यांनी ड्युरोशर यांना वर्षभरासाठी निलंबित केले. जुगारी लोकांशी असलेले संबंध हे त्यामागचे मुख्य कारण होते. पहिले दोन सामने क्लाइड सुकफर्थ यांनी सांभाळले, मग निवृत्तीतून बर्ट शॉटन आले. शॉटन संघाचा गणवेश न घालता साध्या कपड्यांत डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या खेळाडूंच्या बाकावर, बसत. ड्युरोशर यांचा आरडाओरडा जाऊन हा शांत, वडीलधारा माणूस आला, हे संघाच्या पथ्यावर पडले असे म्हणायला जागा आहे.

१५ एप्रिल आणि नंतर

पहिला सामना बोस्टन ब्रेव्ह्जशी, एबेट्स फील्डवर झाला. प्रेक्षक २५ हजारांहून अधिक होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. पाठीवर ४२ आकडा असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या रॉबिन्सनला जॉनी सेनच्या पिचिंगवर, म्हणजे चेंडूफेकीवर, एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मिळाला नाही. (तीन बेस ओलांडून घरच्या बेसवर परतले की एक धाव होते.) सातव्या डावात डॉजर्स ३-२ असे मागे असताना त्याने बंट केला, म्हणजे बॅट नुसती पुढे धरून चेंडू जवळच सोडला आणि पहिल्या बेसकडे सुसाट धावला. बोस्टनच्या खेळाडूने घाईने फेकलेला चेंडू त्याच्या अंगावर आदळून बाजूला गेला आणि रॉबिन्सन थेट दुसऱ्या बेसवर पोहोचला. पुढच्याच फलंदाजाच्या, पीट रायझरच्या फटक्यावर तो आधीच बेसवर असलेल्या सहकाऱ्यापाठोपाठ घरी परतला. आघाडी देणारी धाव ती. डॉजर्स ५-३ ने जिंकले. त्याच्या वेगाने समोरच्याची घाई होते, हे पहिल्याच दिवशी दिसले आणि वर्षभर दिसत राहिले.

रॉबिन्सनला सेकंड बेसवर खेळायची सवय होती. तिथे एडी स्टँकी असल्यामुळे त्याला पहिल्या बेसवर उभे केले गेले, आणि ती जागा त्याच्यासाठी नवी होती. या जागेवरच्या खेळाडूला एक पाय बेसला टेकवून चेंडू झेलावा लागतो, आणि समोरून धावत येणाऱ्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या बुटाला लोखंडी खिळे असतात. कुणाला इजा करायची असेल, तर पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा पाय तिथे आयताच मांडलेला असतो. २० ऑगस्टला कार्डिनल्सच्या ईनॉस स्लॉटरचा खिळ्यांचा बूट रॉबिन्सनच्या पायावर पडला. हे मुद्दाम केले नाही, असे स्लॉटर सांगत राहिला. डॉजर्सच्या खेळाडूंना ते पटले नाही. पिचरांनी फेकलेले चेंडू त्या वर्षी रॉबिन्सनला नऊ वेळा लागले.

सर्वांत वाईट दिवस २२ एप्रिलचा. फिलाडेल्फिया फिलीज ब्रुकलिनला आले होते. त्यांचे प्रशिक्षक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू डगआउटमधून रॉबिन्सनवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार करत होते. बॅट टाकून तिकडे धाव घ्यावी असे त्या दिवशी मनात आले होते, असे रॉबिन्सनने पुढे लिहिले. तो धावला नाही. सामना ०-० असताना आठव्या डावात त्याने हिट मारला, दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तिथे धाव घेतली, फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या चुकलेल्या फेकीवर तिसरा गाठला आणि जीन हर्मान्स्कीच्या हिटवर सामन्यातली एकमेव धाव काढली. याच मालिकेत स्टँकी फिलीजच्या डगआउटकडे बघून ओरडला, की उलट बोलू शकेल अशा माणसाशी भिडा. स्टँकी अलाबामात राहणारा होता आणि सुरुवातीला त्याचाही रॉबिन्सनला विरोध होता. संघ एकत्र कधी आला असे विचारले, तर या मालिकेकडे बोट दाखवावे लागेल. चॅपमननेच संघाला एक केले, असे रिकीही म्हणत.

एप्रिलअखेर रॉबिन्सनची बॅट रुसली आणि लागोपाठ २० वेळा तो हिटविना परतला. शॉटननी त्याला बसवले नाही. मे महिन्यात न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये स्टॅन्ली वुडवर्ड यांनी बातमी दिली, की कार्डिनल्सचे काही खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध संपाच्या बेतात होते. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांची भूमिका ठाम होती: संप करणाऱ्याचे निलंबन होईल. संप झाला नाही.

सिनसिनाटीच्या मैदानात प्रेक्षक रॉबिन्सनला शिव्या देत असताना रीझ त्याच्याजवळ गेला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला, ही या काळातली सर्वांत प्रसिद्ध कथा. ब्रुकलिनमध्ये या दोघांचा पुतळाही २००५ मध्ये उभा राहिला. प्रसंग नेमका १९४७ चा की १९४८ चा, सिनसिनाटीचा की बोस्टनचा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दोघांच्या मैत्रीबद्दल मात्र कुणाला शंका नाही.

विजेतेपद

जुलैपासून डॉजर्स तक्त्यात वर राहिले आणि कार्डिनल्सना पाच सामन्यांनी मागे टाकून त्यांनी लीग जिंकली. एकवीस वर्षांच्या राल्फ ब्रांकाने २१ सामने जिंकून दिले. शेवटचे डाव सांभाळायला ह्यू केसी होता. वॉकर, रीझ, कार्ल फुरिलो, कॅचर ब्रूस एडवर्ड्स यांनी आपापला वाटा उचलला. रायझर ४ जूनला झेल घेताना एबेट्स फील्डच्या काँक्रीटच्या भिंतीवर इतक्या जोरात आदळला, की त्याच्यासाठी पाद्री बोलावून मरणापूर्वीचा विधी करावा लागला. चेंडू त्याच्या हातमोज्यातच होता. तो वाचला, पुन्हा खेळलाही. पण पूर्वीचा रायझर परत आला नाही. पुढच्या वर्षी त्या भिंतीला रबराचे अस्तर लावले गेले.

रॉबिन्सन १५१ सामने खेळला. सरासरी ०.२९७, १२५ धावा, १२ होम रन (एकाच फटक्यात पूर्ण फेरी मारून धाव) आणि लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे २९ चोरलेले बेस. त्या वर्षीपासून बेसबॉल लेखकांच्या संघटनेने सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिला मानकरी ठरला; आज या पुरस्काराला त्याचेच नाव आहे. घरच्या मैदानावर डॉजर्सना हंगामभरात १८ लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. २६ ऑगस्टला डॅन बँकहेड हा डॉजर्सचा खेळाडू मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पिचर झाला आणि फलंदाजीला आल्यावर पहिल्याच संधीत त्याने होम रन मारला. दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये लॅरी डोबी हा कृष्णवर्णीय खेळाडू जुलैतच क्लीव्हलँडकडून उतरला होता.

वर्ल्ड सिरीज

ही सिरीज दूरचित्रवाणीवर दाखवलेली पहिलीच. ३ ऑक्टोबरचा चौथा सामना बेसबॉलच्या इतिहासातल्या अजोड सामन्यांपैकी आहे. यांकीजचा पिचर बिल बेव्हन्स याने आठ डाव आणि नवव्या डावातले दोन गडी बाद होईपर्यंत डॉजर्सना एकही हिट दिला नव्हता. वर्ल्ड सिरीजमध्ये तोवर कुणाला हे साधले नव्हते. पण त्याचा नेम ढळत होता आणि त्याने दहा जणांना फुकट पहिला बेस दिला; त्यातूनच डॉजर्सनी पाचव्या डावात हिटविना एक धाव मिळवली होती. शेवटच्या क्षणी गुणसंख्या २-१, यांकीज पुढे. अल जिऑनफ्रिडोने दुसरा बेस चोरला. घोटा मोडलेला रायझर लंगडत फलंदाजीला आला, तर यांकीजने त्याला मुद्दाम पहिला बेस देऊन टाकला. त्याच्या जागी धावायला एडी मिक्सिस गेला. मग स्टँकीऐवजी बदली फलंदाज कुकी लाव्हाजेटो आला. पहिला चेंडू चुकला. दुसरा त्याने उजवीकडच्या भिंतीवर मारला आणि दोघेही घरी आले. सामन्यातला एकमेव हिट, आणि डॉजर्स ३-२ ने विजयी. केसीला या विजयाचे श्रेय मिळाले ते एकाच चेंडूवर: नवव्या डावाच्या पूर्वार्धात तिन्ही बेस भरलेले असताना त्याने टाकलेल्या त्या चेंडूवर दोन गडी बाद झाले होते.

५ ऑक्टोबरला यांकी स्टेडियममधल्या सहाव्या सामन्यात जो डिमॅगिओचा उत्तुंग फटका जिऑनफ्रिडोने ४१५ फुटांच्या खुणेपाशी धावत जाऊन झेलला. एरवी भावना न दाखवणाऱ्या डिमॅगिओने धावता धावता मातीला लाथ मारली. डॉजर्स ८-६ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी जो पेजने शेवटचे पाच डाव रोखून धरले आणि यांकीजने सातवा सामना ५-२ ने घेतला. बेव्हन्स, लाव्हाजेटो आणि जिऑनफ्रिडो हे तिघेही या सिरीजनंतर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळले नाहीत.

ब्रुकलिनच्या चाहत्यांचे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे पालुपद आणखी आठ वर्षे चालले. १९५५ मध्ये यांकीजनाच हरवून डॉजर्सनी ब्रुकलिनला पहिली आणि शेवटची वर्ल्ड सिरीज मिळवून दिली. रॉबिन्सन आणि रीझ तेव्हाही संघात होते. १९५७ च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडून तिथे निवासी इमारती बांधल्या गेल्या. १९९७ मध्ये मेजर लीगच्या सर्व संघांनी ४२ हा आकडा निवृत्त केला. वर्षातून एकदा, १५ एप्रिलला, सगळे खेळाडू तो अंगावर चढवतात.