अंगणापर्यंत येणारा कायोटी

शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत काही हजार कायोटी, म्हणजे लांडग्यासारखे दिसणारे पण लहान चणीचे रानटी प्राणी, राहतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रुळांलगतची झुडपं, गोल्फची मैदानं, दफनभूमी, मोठ्या दुकानांमागची पडीक जागा, अशा माणूस फारसा न फिरकणाऱ्या ठिकाणी त्यांचा मुक्काम असतो. रात्री सामसूम झाली की ते बाहेर पडतात. ज्यांच्या परसातून ते रोज जातात त्यांतल्या कित्येकांना त्याचा वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मग एखाद्या संध्याकाळी कुणाला तो कुंपणापाशी दिसतो, फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडतो आणि एकच मागणी सुरू होते: याला पकडून न्या.

ही मागणी करण्याआधी हा प्राणी नीट समजून घ्यायला हवा. कायोटी लांडगा आणि कोल्हा यांच्याच कुळातला. शहरातल्या कायोटीचं वजन बहुधा 10 ते 16 किलोंच्या दरम्यान असतं, पण हिवाळ्यात अंगावर दाट केस आले की तो आहे त्यापेक्षा बराच थोराड दिसतो. मूळचा तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ आणि कोरड्या प्रदेशातला. माणसाने लांडगे मारून संपवले, जंगलं तोडून शेतं केली, आणि विसाव्या शतकात कायोटी त्या मोकळ्या जागेत पसरत गेला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. तिकडे दक्षिणेला पनामापर्यंत पोचला आहे. आणि हे सगळं त्याला मारण्याची मोहीम चालू असताना घडलं! आजही अमेरिकेचं एक सरकारी खातं वर्षाकाठी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं.

शहरातल्या कायोटीविषयी आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं शिकागोच्या कुक काउंटीतून आलं. 2000 साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे स्टॅन्ली गेर्ट यांनी तिथे अभ्यास सुरू केला. तेव्हापासून हजाराहून अधिक कायोटी पकडून, खुणेचे बिल्ले लावून, त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून सोडण्यात आले. त्यातून दिसलं ते असं: नर-मादी जोडीने राहतात, त्यांच्यासोबत कधी मागच्या वेताची पिल्लंही असतात, आणि असं कुटुंब शहरात साधारण पाच चौरस किलोमीटरचा इलाका राखतं. 2012 साली या गटाने 236 कायोटींच्या जनुकीय चाचण्या प्रसिद्ध केल्या. एकाही जोडीत बाहेरख्यालीपणाचा पुरावा सापडला नाही. कुत्र्याच्या कुळात जोडीने राहणारे प्राणी बरेच आहेत, पण इतकी काटेकोर निष्ठा अभ्यासकांनाही चकित करणारी होती.

एप्रिल 2007 मध्ये एक तरुण कायोटी भर दुपारी शिकागोच्या मध्यवस्तीतल्या सँडविचच्या दुकानात शिरला आणि शीतपेयांच्या उघड्या फ्रिजमध्ये बाटल्यांवर जाऊन बसला. गिऱ्हाइकं बाहेर पळाली, फोटो काढणाऱ्यांची गर्दी जमली, पण तो कुणाच्याही अंगावर गेला नाही. शेवटी प्राणी पकडणारं पथक आलं. भेदरलेला कायोटी बहुधा असाच वागतो. तो आडोसा शोधतो.

तो खातो काय? कुक काउंटीत 1,400 हून अधिक विष्ठेचे नमुने तपासले गेले. 42 टक्के नमुन्यांत उंदीर-घुशींसारखे छोटे कुरतडणारे प्राणी, 23 टक्क्यांत फळं, 22 टक्क्यांत हरीण (त्यातही पाडसं आणि मेलेली जनावरं), 18 टक्क्यांत ससे. मांजराचे अवशेष दीड टक्क्याहूनही कमी नमुन्यांत. हे वाचून मांजरवाल्यांनी निर्धास्त मात्र होऊ नये. लॉस एंजेलिसच्या दाट वस्तीत असाच अभ्यास झाला तेव्हा जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या नमुन्यांत मांजर सापडलं. तिथे मोकाट मांजरं भरपूर, त्यांच्यासाठी बाहेर ठेवलेल्या खाण्याच्या थाळ्या भरपूर, अंजिरासारखी बागेतली फळंही भरपूर. जागा बदलली की कायोटीचं ताट बदलतं, आणि ते ताट बऱ्याच अंशी आपणच वाढलेलं असतं.

आता पकडून नेण्याविषयी. राखलेल्या इलाक्यातली जोडी काढली की ती जागा रिकामी राहत नाही. कुठल्याही शहरात बिनघरचे, हिंडते कायोटी असतातच, त्यांतला एखादा थोड्याच दिवसांत तिथे ठाण मांडतो. जुन्या जोडीला निदान माणसांचे रस्ते आणि वेळा ठाऊक असतात, नव्याला काहीच ठाऊक नसतं. दूर नेऊन सोडलेला कायोटी तिथे टिकत नाही, परतीच्या वाटेला लागतो आणि बहुधा गाडीखाली किंवा शिकाऱ्याच्या गोळीने मरतो. हा धडा महाराष्ट्राने बिबट्यांच्या बाबतीत फार महाग किंमत देऊन घेतला आहे. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. बिबट्या आणि कायोटी यांच्या ताकदीत काहीच तुलना नाही, पण हलवलेलं जनावर बिथरतं आणि मोकळी झालेली जागा भरते, हे दोन्हीकडे सारखंच.

मग करायचं काय? सगळ्यात आधी खाणं बंद. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण उन्हाळ्यात आई-बाबा तिकडे जातात आणि उरलेली पोळी, भात परसात पाखरांसाठी टाकणं हे त्यांच्या हाताचं वळण असतं. त्यामागची माया खरी आहे. पण त्या भाताला उंदीर येतात, उंदरांमागे कायोटी येतो, आणि पोळीचे तुकडे तो स्वतःही खातो. पाखरांच्या टांगलेल्या दाणपात्राखाली सांडलेले दाणे, झाडाखाली सडणारी सफरचंदं, उघडा कचऱ्याचा डबा, कुत्र्याची रात्रभर बाहेर राहिलेली थाळी, सगळ्यांचा परिणाम तोच. काही आठवडे असं मिळत राहिलं की कायोटी माणसाला भ्यायचं सोडतो. 1960 ते 2006 या काळात अमेरिका आणि कॅनडात कायोटीने माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या 142 नोंदी गेर्ट आणि त्यांच्या सहकारी लिन्सी व्हाइट यांनी तपासल्या, तेव्हा जवळपास 30 टक्के घटनांमध्ये आजूबाजूला त्यांना खायला घातलं जात असल्याचं आढळलं. माणूस दगावल्याच्या पक्क्या नोंदी दोनच आहेत: 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलची तीन वर्षांची मुलगी आणि 2009 मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटन इथे फिरायला गेलेली एकोणीस वर्षांची तरुणी. दोनच असल्या, तरी त्या विसरण्याजोग्या नाहीत.

समोरासमोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही. त्याच्याकडे बघत उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, जोरात ओरडायचं, पाय आपटायचे. बागेला पाणी घालायचा पाइप हाताशी असला तर फवारा मारायचा. पत्र्याच्या डब्यात चार नाणी घालून तो खुळखुळवला तरी चालतं. तो थोडा मागे सरकून थांबला तरी आपण थांबायचं नाही, नजरेआड होईपर्यंत आवाज चालू ठेवायचा. अर्धवट हाकललेला कायोटी एवढंच शिकतो की हे लोक नुसतेच ओरडतात.

कुत्रा लहान असेल तर त्याला परसातही एकटं सोडू नये, विशेषतः संध्याकाळनंतर आणि पहाटे. फिरवताना पट्टा आखूड हवा, साधारण दोन मीटरचा. सरकता लांब पट्टा टाळलेला बरा, कारण कायोटी दिसेपर्यंत कुत्रा झुडपात पोचलेला असतो. कुंपण सहा फूट उंच आणि तळाशी जमिनीत गाडलेलं असावं, नाहीतर तो खालून उकरून येतो. मांजर घरातच ठेवावं. सॅन डिएगोच्या दऱ्यांमध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कायोटी असलेल्या भागांत मांजरांचा वावर कमी आणि स्थानिक पक्ष्यांचं वैविध्य जास्त आढळलं होतं. तेव्हा मांजराला घरात ठेवण्याने पाखरांचंही भलं होतं.

मार्च-एप्रिलपासून उन्हाळ्यापर्यंत मात्र नियम थोडा बदलतो. हा पिल्लांचा काळ. एका वेताला सहसा चार ते सात पिल्लं होतात आणि आई-बाप दोघंही त्यांना राखतात. या दिवसांत कुत्रा घेऊन चालणाऱ्याच्या मागे, थोडं अंतर ठेवून कायोटी चालत येतो. बघणाऱ्याला वाटतं शिकारीच्या तयारीत आहे. प्रत्यक्षात बिळाजवळून कुत्र्याला लांब घालवून यायचं एवढाच त्याचा हेतू असतो. अशा वेळी ओरडून त्याला हाकलण्याचा प्रयत्न फुकट जातो, पिल्लं सोडून तो जाणार नाही. लहान कुत्रा उचलून घ्यावा, पाठ न फिरवता सावकाश मागे सरावं आणि उन्हाळ्यात पिल्लं मोठी होऊन बीळ सुटेपर्यंत फिरायला दुसरा रस्ता धरावा.