चिनी पारंपरिक वैद्यक

चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षे चालत आलेली आणि विसाव्या शतकात सरकारी आश्रयाने नव्याने बांधली गेलेली उपचारपद्धती. काढे, ॲक्युपंक्चर (सुया टोचणे), मॉक्सा (शेक), तुंबडी, 'त्वी-ना' नावाचे मर्दन, पथ्य आणि छी-गोंगसारखे श्वासाचे व्यायाम हे तिचे नेहमीचे उपचार.

आधारग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास संकलित झाला. त्यात सम्राट प्रश्न विचारतो आणि छी-बो हा वैद्य उत्तरे देतो. शरीरात 'छी' ही जीवनशक्ती बारा मुख्य मार्गांनी फिरते, ती अडली किंवा यिन आणि यांग या परस्परपूरक विरुद्ध बाजूंचा तोल गेला की आजार होतो, अशी ही मांडणी. मराठी वाचकाला इथे प्राण आणि पंचमहाभूते आठवतात, पण साम्य फार ताणू नये. चिनी पंचकात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी येतात. वायू आणि आकाश नाहीत. शिवाय ही द्रव्ये नसून अवस्था आहेत. लाकडातून अग्नी उपजतो, पाणी अग्नीला आवर घालते, आणि अवयवांचे नातेही तसेच लावले जाते.

नाडी आपल्याकडच्यासारखीच तीन बोटांनी पाहतात. आपला वैद्य त्या बोटांखाली वात, पित्त, कफ शोधतो. चिनी वैद्य डाव्या मनगटावर हृदय, यकृत आणि मूत्रपिंड, तर उजव्यावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. आधी हलके, मग दाबून. जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थरही पाहायचा असतो, म्हणून तपासणीच्या सकाळी जीभ खरवडून येऊ नका असे बजावतात.

सुयांची प्रसिद्धी मोठी असली तरी या वैद्यकाचा खरा पाया काढा हा आहे. इ. स. २०० च्या सुमारास चांग चोंगचिंगने लिहिलेल्या ज्वरचिकित्सेच्या ग्रंथातला 'क्वेइचि थांग' हा काढा आजही देतात. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचे मूळ, ताजे आले, ज्येष्ठमध आणि बारा चिनी बोरे असतात. काढा प्यायल्यावर गरम पातळ पेज प्यावी, पांघरूण घ्यावे, अंगाला किंचित घाम फुटू द्यावा, पण घामाच्या धारा लागू देऊ नयेत, असे ग्रंथ सांगतो. सर्दीतापात आजीच्या हातचा आल्याचा काढा प्यायलेल्या माणसाला यात परके काही वाटू नये. १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या ली शिचेनच्या औषधकोशात तब्बल १,८९२ द्रव्ये आहेत.

ॲक्युपंक्चरचे बिंदू आजच्या प्रमाण यादीनुसार ३६१. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या किंचित बाहेर असलेला 'त्सूसानली' पोटाच्या तक्रारींसाठी टोचतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला 'हगू' डोके आणि दात दुखत असल्यास; गरोदरपणी मात्र तो टाळतात. सुई केसापेक्षा थोडीच जाड. ती बरोबर बसली की मुंगी चावल्यासारखे न होता जड, बधिर ठणका जाणवला पाहिजे. सोंग राजवटीत १०२७ मध्ये शिकाऊ वैद्यांसाठी छिद्रे असलेले काशाचे पुतळे ओतले गेले. वर मेण, आत द्रव. सुई नेमकी लागली तर थेंब बाहेर येई आणि विद्यार्थी उत्तीर्ण, असे वर्णन मिळते.

मॉक्सा म्हणजे आर्टेमिसिया कुळातल्या वनस्पतीची वाळलेली, कुटलेली पाने पेटवून बिंदूला दिलेला शेक. जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला. तुंबडी आपल्याकडच्या जुन्या लोकांना सांगायला नको. चीनमध्ये आता काचेच्या पेल्यात ज्योत फिरवून तो पाठीवर चिकटवतात आणि जांभळे गोल वळ उठतात.

ही परंपरा अखंड सन्मानाने चालत आली, हा समज चुकीचा आहे. १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकले. १९२९ मध्ये क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाच्या सरकारपुढे देशी वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव आला आणि शांघायमध्ये वैद्यांनी त्याला विरोध केला. पुढे साम्यवादी राजवटीने डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे या वैद्यकाला हाताशी धरले. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे महाविद्यालये निघाली, आणि परस्परविरोधी घराण्यांचे एकसंध पाठ्यपुस्तक झाले. आज जगभर शिकवले जाते ते हेच.

गुण किती, हा वादाचा मुद्दा. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पण मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांतही ४४.२ टक्क्यांना बरे वाटले! म्हणजे टोचण्याने काही होते. बिंदूंचा नकाशा मात्र सिद्ध होत नाही.

औषधांची गोष्ट वेगळी. चौथ्या शतकातल्या क होंग या वैद्याने हिवतापावर छिंगहाओ या वनस्पतीची मूठ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले होते. उकळायला नाही. त्या शब्दावरून विसाव्या शतकातल्या चिनी संशोधक तू यूयू यांना उष्णतेने औषध मरत असावे अशी शंका आली. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध हाती आले. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले. (ही वनस्पतीही दवण्याचीच चुलत बहीण.) उलट, ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती असलेल्या औषधांनी १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवू पाहणाऱ्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी केली. गेंड्याचे शिंग आणि वाघाचे हाड यांच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्ये बंदी घातली. खवल्या मांजराचे खवले अधिकृत औषधसूचीतून निघायला २०२० उजाडले.

भारतात ॲक्युपंक्चर आले ते १९३८ मध्ये इथून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाच्या धाग्याने. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर ज्या पाच डॉक्टरांत होते, त्यांपैकीच बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र मान्यता दिली; चिनी काढ्यांना तशी वाट अजून मिळालेली नाही.