दहा दिवस आधीचा स्फोट: गांधीजींवरच्या हल्ल्यांबाबत काय सिद्ध झालं, काय नाही

दरवर्षी ३० जानेवारी जवळ आली की महात्मा गांधींच्या हत्येबद्दल दोन दावे हमखास फिरू लागतात. पहिला असा की पाकिस्तानला ५५ कोटी रुपये द्यायला लावले म्हणून संतापाच्या भरात हत्या झाली. दुसरा असा की त्याआधी गांधीजींवर पाच-सहा खुनी हल्ले झाले होते आणि त्यातल्या बहुतेकांत नथुराम गोडसेच होता. दोन्ही दावे परस्परविरोधी गोटांतून येतात आणि दोन्ही तपासून घ्यायला हवेत. तपासणीची सुरुवात करायची ती २० जानेवारी १९४८ च्या प्रयत्नापासून. पोलीस तपास, खटला, अपील आणि चौकशी आयोग या चारही टप्प्यांतून गेलेला तो एकमेव फसलेला प्रयत्न आहे.

त्या दिवशी गांधीजी उपोषणाच्या अशक्तपणातून पुरते सावरले नव्हते. १८ जानेवारीला त्यांनी उपोषण सोडलं होतं. दिल्लीतल्या बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर सायंप्रार्थनेसाठी त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. ध्वनिक्षेपक बिघडलेला, आवाज क्षीण. तेवढ्यात मागच्या कुंपणभिंतीजवळ मोठा स्फोट झाला. गांधीजी जागचे हलले नाहीत, लोकांनाही त्यांनी बसून राहायला सांगितलं. लष्कराचा कुठेतरी सराव चालला असेल असं आपल्याला वाटलं, हे त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी सांगितलं. धैर्याबद्दल होणारं कौतुकही त्यांनी नाकारलं. समोरून कुणी गोळी घातली आणि तरीही मनात द्वेष आला नाही, तरच आपण कौतुकाला पात्र, असं ते म्हणाले.

मदनलाल पाहवा हा पश्चिम पंजाबातून आलेला निर्वासित तरुण जागेवरच पकडला गेला. त्याला ओळखलं ते तिथल्याच एका स्त्रीने. त्याच्या अंगावर जिवंत हातबॉम्ब सापडला. हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. भिंतीजवळ फुटलेला गनकॉटनचा (एका स्फोटकाचा) स्लॅब कुणाचा जीव घेण्यासाठी नव्हता. गोंधळ उडवून देण्यापुरता तो होता. खरा हल्ला त्यानंतर व्हायचा होता: प्रार्थनेच्या जागेमागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एका खोलीच्या जाळीतून गोळ्या आणि हातबॉम्ब. कटातला साथीदार, पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याने ऐनवेळी त्या खोलीत शिरायचं नाकारलं आणि बेत फसला. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, गोपाळ गोडसे, बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या, सगळे निसटले. त्यामुळे ‘निर्वासिताने रागाच्या भरात केलेला किरकोळ स्फोट’ हे वर्णन चुकीचं ठरतं. ते त्या काळीही झालं आणि आजही वाचायला मिळतं. न्यायालयाने सात जणांच्या हालचाली पुराव्यानिशी मांडल्या आहेत.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते पुढचे दहा दिवस. एक माणूस हातात होता. त्याच्या बोलण्यातून साथीदारांचे धागे मिळत होते. नथुराम आणि आपटे ज्या मरीना हॉटेलात खोट्या नावाने उतरले होते, तिथे मागे राहिलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी धोब्याची खूण होती. २४ जानेवारीच्या सविस्तर जबाबापर्यंत पुण्यातल्या एका वृत्तपत्राचा उल्लेखही आला होता. पत्राचं नाव थोडं चुकीचं नोंदलं गेलं, पण अंगुलिनिर्देश होता ‘अग्रणी’कडे, म्हणजे नंतरच्या ‘हिंदू राष्ट्र’कडे. त्याचा संपादक कोण, हे मुंबई प्रांतातल्या वृत्तपत्रांच्या सरकारी यादीत छापलेलंच होतं: नथुराम विनायक गोडसे, पुणे.

दुसरा धागा मुंबईत होता. रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्याकडून मदनलाल पुस्तकं घेऊन विकत असे. गांधीजींना मारण्याचा बेत त्याने जानेवारीच्या पूर्वार्धातच त्यांच्यापाशी बोलून दाखवला होता. निर्वासिताची बडबड म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. स्फोटाची बातमी वाचल्यावर २१ जानेवारीला त्यांनी मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेऊन सगळं सांगितलं, करकरेचं नावही. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई पोलिसांच्या विशेष शाखेचे जमशेद नगरवाला यांना माहिती दिली आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांच्या कानावर घातली.

म्हणजे दिल्लीकडे अर्धी माहिती होती आणि मुंबईकडे उरलेली अर्धी. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला गेले, पण तिथे त्यांना तपासात वाव मिळाला नाही आणि ते परतले. त्यांनी मुंबईला नेमकं काय सांगितलं, याबद्दल दोन्ही पोलीस दलांची कथनं शेवटपर्यंत जुळली नाहीत. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालच्या जबाबाची प्रत घेऊन ते निघाले ते रेल्वेने, अलाहाबादच्या वाटेने. मुंबईत पोहोचले २७ जानेवारीला. त्याच २७ जानेवारीला नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरात पिस्तूल, २९ ला पुन्हा दिल्ली. तोपर्यंतचे बरेचसे दिवस ही माणसं मुंबई आणि ठाण्यातच होती.

सुरक्षेबाबत एक आरोप नेहमी होतो की सरकारने काहीच केलं नाही. तो जसाच्या तसा खरा नाही. बिर्ला हाऊसवरचा पहारा वाढवला होता, साध्या वेशातले पोलीसही होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्याचा प्रस्ताव गांधीजींनी स्वतः फेटाळला. पण झडती होऊ शकत नाही म्हटल्यावर संशयितांचे चेहरे ओळखणारी माणसं पुण्याहून दिल्लीला आणून उभी करणं हाच उपाय उरला होता, आणि तो झाला नाही. माझ्या मते पोलिसांचं खरं अपयश ते हेच.

लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला आणि १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. सरकारी पक्षाची कथा बऱ्याच अंशी त्याच्या साक्षीवर उभी होती, म्हणून टॅक्सीचालक, हॉटेलांचे नोकर, नोंदवह्या, प्रवासाच्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहिली गेली. निकालातच न्यायाधीशांनी नोंदवलं की २० ते ३० जानेवारी या काळात तपासात थोडी जरी तत्परता दाखवली असती, तरी ही हत्या बहुधा टळली असती. अपिलात पंजाब उच्च न्यायालयाने शंकर किस्तय्या आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांना सोडलं, नथुराम आणि आपटे यांची फाशी कायम ठेवली. कट नव्हताच, सगळं आपण एकट्याने ठरवलं, हे नथुरामचं म्हणणं दोन्ही न्यायालयांनी मान्य केलं नाही.

आता ५५ कोटी. फाळणीनंतर पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या रोख शिलकीपैकी ७५ कोटी द्यायचे ठरले होते. २० आधीच दिले होते, ५५ उरले होते आणि काश्मीरच्या लढाईमुळे ते भारत सरकारने रोखून धरले. गांधीजींनी १२ जानेवारीच्या प्रार्थनेत उपोषणाची घोषणा केली, १३ ला ते सुरू झालं आणि १५ ला मंत्रिमंडळाने रक्कम देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाशी उपोषणाचा संबंध नव्हता असं म्हणणंही बरोबर नाही. सरकारी निवेदनातच गांधीजींच्या प्रयत्नांचा उल्लेख आहे. मात्र १८ जानेवारीला ज्या सात मुद्द्यांच्या लेखी हमीवर उपोषण सुटलं, त्यात ५५ कोटींचा शब्दही नाही. तिथे आहे मेहरौलीचा उरूस, परत करायच्या मशिदी, दिल्लीतल्या मुसलमानांना मोकळेपणी वावरता येणं, आर्थिक बहिष्कार थांबवणं.

निर्णायक तारीख मात्र वेगळीच आहे. न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यानुसार आपटेने बडगेकडे दोन गनकॉटन स्लॅब, दोन रिव्हॉल्व्हर आणि पाच हातबॉम्ब मागितले ते १० जानेवारीला, पुण्यात, ‘हिंदू राष्ट्र’च्या कचेरीत. उपोषणाची घोषणा व्हायला तेव्हा दोन दिवस होते आणि मंत्रिमंडळाच्या निर्णयाला पाच. नथुरामने आपल्या विम्याच्या पॉलिसींवर वारसांची नावं लावली ती १३ आणि १४ जानेवारीला, म्हणजे तीही निर्णयाआधी. ५५ कोटींचा राग खरा असू शकतो, तो खटल्यातल्या निवेदनात आहेच. पण त्या रागातून कट जन्मला, हे तारखांशी जुळत नाही.

हे सगळं आज इतक्या बारकाईने माहीत आहे, त्याला १९६४ मधला एक प्रसंग कारणीभूत ठरला. जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल त्या वर्षी सुटले. त्यानिमित्त नोव्हेंबरमध्ये पुण्यात सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार झाला. तिथे लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी जाहीरपणे सांगितलं की नथुरामचा इरादा आपल्याला आधीच माहीत होता आणि पुण्यातले काँग्रेस कार्यकर्ते बाळूकाका कानिटकर यांच्यामार्फत आपण मुंबई सरकारला इशाराही पोहोचवला होता. देशभर गदारोळ झाला. केंद्राने १९६५ मध्ये गोपाळ स्वरूप पाठक यांची चौकशीसाठी नेमणूक केली. ते मंत्री झाल्यावर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे काम आलं. १०१ साक्षीदार तपासून त्यांनी १९६९ मध्ये अहवाल दिला.

नगरवाला यांनी तेव्हा धरलेला तर्क या अहवालात तपशिलाने तपासला आहे. गांधीजींना पळवून नेण्याचा डाव असावा, असा त्यांचा समज होता. हाताशी आलेली माहिती खुनाच्या कटाकडे बोट दाखवत असताना हा तर्क कसा टिकला, असा प्रश्न कपूर यांनी रोखठोकपणे उपस्थित केला. राणांच्या लांबच्या प्रवासावरही त्यांनी टीका केली.

याच अहवालातलं विनायक दामोदर सावरकरांबद्दलचं विधान सर्वाधिक उद्धृत होतं आणि सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने वापरलं जातं. सावरकर खटल्यात आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा बडगेची साक्ष हा होता आणि त्यांच्यापुरता तिला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. सरकारने त्याविरुद्ध अपील केलं नाही. कपूर आयोगाने मात्र सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांचे मार्च १९४८ मधले पोलीस जबाब पाहिले. ते दोघे खटल्यात साक्षीदार म्हणून उभेच केले गेले नव्हते. सगळी तथ्यं एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही, असं अहवालात लिहिलं गेलं. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. शिवाय सावरकरांचं निधन फेब्रुवारी १९६६ मध्ये, कपूर यांच्या नेमणुकीआधीच झालं होतं, बाजू मांडायला ते नव्हते. त्यामुळे ‘न्यायालयाने सावरकरांना दोषी धरलं’ हे खोटं, आणि ‘त्यांच्याविरुद्ध कुठेच काही नोंदलेलं नाही’ हेही खोटं. प्रामाणिक लेखनात दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवावे लागतात.

राहिले त्याआधीचे प्रयत्न. २५ जून १९३४ ला पुण्यात बॉम्ब फेकला गेला, यात शंका नाही. अस्पृश्यतेविरुद्धच्या हरिजन यात्रेत गांधीजी नगरपालिकेचं मानपत्र स्वीकारायला निघाले होते. बॉम्ब त्यांच्या मोटारीवर न पडता दुसऱ्या मोटारीवर पडला आणि नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यासह काही जण जखमी झाले. फेकणारा सापडलाच नाही. तेव्हा ‘हत्येचा प्रयत्न’ हे म्हणता येतं, ‘अमक्याने केला’ हे नाही. पण या घटनेचं वजन मोठं आहे, कारण १९३४ मध्ये फाळणीही नव्हती आणि ५५ कोटीही नव्हते.

१९४४ च्या जुलैत पाचगणीला पुण्याहून आलेल्या तरुणांनी गांधीजींविरुद्ध निदर्शनं केली. नथुराम तिथे सुरा घेऊन धावला आणि त्याला अडवलं गेलं, असं भि. दा. भिलारे गुरुजींनी आणि पुण्यातल्या एका लॉजमालकाने सांगितलं. दुसऱ्याने तर कपूर आयोगापुढे साक्षही दिली. पण घटनेनंतर खटला झाला नाही, आणि साक्ष झाली ती वीसेक वर्षांनी. सांगणारी माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. हा प्रसंग ‘सिद्ध’ या सदरात मात्र टाकता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, गांधीजी जिनांना भेटायला निघणार होते तेव्हा, सेवाग्रामला निदर्शकांची अटक झाली आणि एकाजवळ सुरा सापडला. हे गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी त्याच काळात नोंदवलेलं आहे, म्हणून ते अधिक भक्कम. तिथे नथुराम होता की नाही, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही.

जून १९४६ च्या अखेरीस गांधीजींना पुण्याला नेणारी खास गाडी नेरळ आणि कर्जतच्या दरम्यान रुळांवरच्या दगडांना धडकली. चालकाने वेळीच गाडी थांबवली. गांधीजी झोपेतच होते. दगड कुणी ठेवले, गांधीजींसाठीच ठेवले की मालगाडी लुटण्यासाठी, हे ठरलं नाही.

हे चारही प्रसंग एका आकड्यात कोंबून ‘नथुरामचे हल्ले’ म्हणून मोजणं मला मान्य नाही, आणि गांधीजींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर ते मुळीच करू नये. १९३४ चा बॉम्ब, सेवाग्रामचा सुरा आणि १० जानेवारीची शस्त्रांची मागणी एवढ्या नोंदी ५५ कोटींचा दावा कोसळवायला पुरेशा आहेत. पाचगणीचा सुरा त्यासाठी लागत नाही.