गाराकेई

गाराकेई म्हणजे जपानमधला घडीचा मोबाईल फोन. ‘गालापागोस’ बेटे आणि ‘केइताई’ (जवळ बाळगायचा फोन) या दोन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव झाले. त्या बेटांवरचे प्राणी जगापासून तुटून वेगळ्याच वाटेने वाढले, तसे हे फोनही वाढले, असा त्यात टोमणा आहे. काटेकोरपणे पाहिले तर त्या काळातले बिनघडीचे फोनही याच नावाखाली येतात. पण डोळ्यांपुढे उभा राहतो तो मिटणारा फोनच.

घडीची कल्पना मूळ जपानची नव्हे. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ मध्येच आला होता. जपानमध्ये मात्र या आकाराला स्वतःचे कारण मिळाले. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या जपानी मोबाईल कंपनीने आय-मोड ही फोनवरच्या इंटरनेटची सेवा सुरू केली आणि लोक फोनवर मेल नि बातम्या वाचू लागले. वाचायला मोठा पडदा हवा, लिहायला ऐसपैस बटणे हवीत, आणि एवढे सगळे खिशात मावायलाही हवे. मधे बिजागरी घातली की तिन्ही साधते.

लिहिण्याची रीत मराठी माणसाला चटकन उमगेल अशी आहे. २ या बटणावर ‘क’ची ओळ असते: एकदा दाबले की क, मग कि, कु, के, को. थेट आपली बाराखडीच! स्वतःच्या लिपीला इतका चपखल बसलेला फोन जगापासून तुटला म्हणणे मला पटत नाही. तो आपल्या माणसांच्या जवळ गेला होता.

पॅनासॉनिकच्या अनेक फोनना बिजागरीपाशी एक बटण असे. ते दाबताच झाकण स्प्रिंगने उघडायचे. बोलणे संपले की एका हाताने मिटायचे, आणि त्या ‘टप्’ आवाजाबरोबर बोलणे खरोखर संपायचे. पडदा आणि बटणे दोन्ही आत गेल्यामुळे ना काचेवर ओरखडे, ना खिशातून भलत्यालाच फोन. हे समाधान काचेवर बोट टेकवून मिळत नाही.

२००४ पासून फोन टेकवून पैसे देता येऊ लागले, २००६ पासून त्यावर डिजिटल टीव्ही दिसू लागला. २००८ मध्ये आयफोन जपानमध्ये आला आणि ओघ फिरला. पुढे हे फोन ज्यांवर चालत ती मोबाईल कंपन्यांची थ्रीजी जाळीच बंद होऊ लागली: केडीडीआयची मार्च २०२२ मध्ये, सॉफ्टबँकेची २०२४ मध्ये. डोकोमोने ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरवली.

तरीही घडी सोडायला तयार नसलेल्यांसाठी २०१५ पासून ‘गाराहो’ मिळू लागले. आत अँड्रॉइड, बाहेर तीच बिजागरी, आणि २ वर तीच ‘क’ची ओळ.